दगड वाचायचा तर खालून वर

सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यात किकली नावाचं गाव आहे. तिथल्या भैरवनाथाच्या जुन्या देवळाच्या आवारात काळे उभट दगड उभे आहेत. प्रत्येकावर एकावर एक कप्पे, आणि कप्प्यांत कोरलेली चिमुकली माणसं. हे वीरगळ. गावासाठी लढता लढता मेलेल्या माणसाची आठवण म्हणून असे दगड उभारत. यादवांच्या काळात, म्हणजे १२व्या-१३व्या शतकात, ही पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळलेली होती.

वीरगळ वाचायचा खालून वर. तळाला वीर आडवा पडलेला असतो. त्याच्याजवळ गाई दिसल्या, तर समजायचं की गुरं पळवायला आलेल्यांना हा आडवा गेला होता. त्या काळी ज्याच्या गोठ्यात गुरं जास्त, तो श्रीमंत. त्यामुळे गुरांवरून लढाया व्हायच्याच. त्याच्या वरच्या कप्प्यात ढाल-तलवारीची झटापट. आणखी वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेताहेत. सगळ्यांत वर तो शिवलिंगापुढे बसलाय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहणार! गंमत अशी, की आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर त्या बिचाऱ्याचं नावच कोरलेलं नसतं.

मग नावं लोकांनी दिली. कुठे तो म्हसोबा झाला, कुठे वेताळ, घोड्यावर बसलेला असला तर खंडोबा. शेंदूर लागला, नारळ फुटू लागले. इतिहासाच्या दृष्टीनं ही ओळख चुकीचीच. पण देव म्हटल्यावर तो दगड बांधाला किंवा पायरीला लावायला कोण धजावणार? माझ्या मते कित्येक वीरगळ या गोष्टींमुळेच वाचले.

‘पांडवांनी एका रात्रीत घडवलं, कोंबडा आरवला आणि काम अर्धं राहिलं’ ही गोष्ट तर सह्याद्रीतल्या कितीतरी लेण्यांबद्दल नि देवळांबद्दल सांगतात. पण एका रात्रीत? हा दगड आहे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. उघड्यावर तो लवकर थंड झाला, त्यामुळे खनिजांच्या स्फटिकांना मोठं व्हायला वेळच मिळाला नाही. म्हणून याचा कण बारीक, आणि म्हणूनच बोटाएवढ्या माणसाच्या हातातली तलवारसुद्धा यात कोरता येते. पण दगड भलताच कठीण. शिवाय लाव्हातल्या वायूचे बुडबुडे कुठे कुठे पोकळ्या सोडून जातात. नेमकी चेहऱ्याच्या जागी पोकळी निघाली तर सगळी मेहनत वाया! त्यामुळे भरीव दगड निवडण्यापासूनच पाथरवटाची कसोटी लागायची.

आता शेकडो वर्षांच्या ऊन-पावसानं ही चित्रं बोथट झालीत. ऊन थेट समोरून पडत असेल तर काहीच कळत नाही, कारण असा उजेड सगळीकडे सारखाच पसरतो. दगडावर ऊन बाजूनं किंवा वरून घासून जाईल अशा वेळी बघा. तिरप्या उन्हात अर्ध्या मिलिमीटरच्या उंचवट्याचीही लांब सावली पडते आणि पुसट रेघ उठून दिसते. घरी करून बघायचं असेल, तर अंधाऱ्या खोलीत टेबलावर झिजलेलं नाणं ठेवा. आधी टॉर्च वरून धरा, मग टेबलाला जवळजवळ टेकवून आडवी. संशोधकही हेच करतात, फक्त जास्त नेटकेपणानं: कॅमेरा एका जागी ठेवून दिवा वेगवेगळ्या दिशांना नेत बरेच फोटो काढतात आणि संगणकावर ते जुळवून झिजलेली अक्षरंसुद्धा वाचतात. दगडाला हात लावायची गरजच नाही.

शेंदराला तर बोट लावूच नका. त्यात शिसं असू शकतं आणि ते पोटात जाणं वाईट.

दगडावर राखाडी-हिरवे चट्टे दिसले, तर ते दगडफूल, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याच्याच एका भाईबंदाला आई गोड्या मसाल्यात घालते. ते आम्ल सोडत हळूहळू दगड पोखरतं, हे खरं. पण म्हणून तारेच्या ब्रशनं घासायला जाऊ नका. बुरशीचे धागे दगडाच्या कणांमध्ये शिरलेले असतात. खरवडलं की कणही सुटतात, आणि एवढी वर्षं टिकलेलं अप्सरेचं नाक एका रविवारी जातं.