लॅपटॉपला भोकं किती आणि कुठली? (घ्यायच्या आधी दोन मिनिटं वाचा)

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप घ्यायला आलेला माणूस रॅम विचारतो, प्रोसेसर विचारतो, रंग विचारतो, बॅग फुकट मिळणार का तेही विचारतो, पण लॅपटॉप हातात घेऊन आडवा करून बाजूला कुठले पोर्ट (वायरी लावायची भोकं) आहेत ते काही बघत नाही. मग चार दिवसांनी फोन, "अहो, याला पेनड्राइव्ह लावायचा कुठे?" म्हणून हा कागद छापलाय.

आधीच सांगतो, यावर आमच्या दुकानातच एकमत नाही. धाकटा भाऊ काउंटर बघतो, त्याचं म्हणणं आता सगळं टाइप-सी (नव्या फोनला असतं ते छोटं लंबगोल भोक) झालं पाहिजे, बाकीचे पोर्ट म्हणजे जुनाट कारभार. मी मागे रिपेअरिंगच्या टेबलावर बसतो आणि माझ्याकडे येतात ते तुटलेले पोर्ट, त्यामुळे माझं मत जरा वेगळं आहे. चहा पिताना हा वाद रोज होतो, आणि त्यातून जे काही निघालं ते तुमच्यासाठी लिहितोय.

चार्जिंगपुरतं भावाचं शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे जुन्या चार्जरांचं एक खोकं आहे, कधी आलात तर दाखवतो. डेलची जाड पिन, डेलचीच बारीक पिन, एचपीची निळ्या टोकाची, लेनोवोची चौकोनी पिवळी, आणि गंमत म्हणजे जवळपास सगळ्यांवर १९-२० व्होल्टच लिहिलेलं असतं, तरी याचा त्याला चालत नाही. त्यात डेल-एचपीच्या गोल पिनच्या मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते, तिच्यातून करंट जात नाही, चार्जर किती वॅटचा आहे एवढंच ती लॅपटॉपला सांगते. ती वाकली किंवा तिची वायर आतून तुटली की लॅपटॉप चालू तर राहतो पण बॅटरी चार्ज होत नाही, वर मशीन स्लो होतं ते वेगळंच. लोक बॅटरी खराब झाली म्हणून घेऊन येतात आणि निघते ती केसाएवढी वायर.

टाइप-सीत ही भानगड नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्याचं स्पेसिफिकेशन आलं, आत २४ पिना, उलटसुलट कसंही लावा. चार्जर लावला की आधी फक्त ५ व्होल्ट येतात, मग लॅपटॉप आणि चार्जर आपसात बोलतात, तू काय देतोस, मला काय चालतं, आणि जमलं तरच चार्जर ९, १५, २० व्होल्ट असं वर जातो. याला पॉवर डिलिव्हरी म्हणतात, दुकानात आम्ही नुसतं पीडी म्हणतो. म्हणूनच चांगल्या कंपनीचा मोठा चार्जर छोट्या लॅपटॉपला लावला तर काही जळत नाही, हा प्रश्न रोज येतो म्हणून लिहिलं. आधी याची मर्यादा १०० वॅट होती, २०२१ मध्ये ती २४० झाली. युरोपात तर कायदाच झालाय, फोन-टॅबना २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून चार्जिंगला टाइप-सी द्यायलाच लागतं. कंपन्या एकेका देशासाठी वेगळी मशिनं बनवत बसत नाहीत, त्यामुळे त्याचा फायदा आपल्यालाही होणारच.

आता माझी बाजू ऐका.

गोल पिनचा जॅक बऱ्याच लॅपटॉपमध्ये वेगळा असतो, मागे चार इंचाची वायर आणि प्लग. तुटला तर नवा टाकायचा, पटकन होणारं काम, खर्चही थोडा. टाइप-सीचा पोर्ट मात्र बहुतेक वेळा थेट मदरबोर्डवर (मशीनच्या मुख्य बोर्डावर) सोल्डर केलेला असतो. दोन पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. तो बदलायचा म्हणजे सगळं मशीन उघडायचं, हॉट एअर, मायक्रोस्कोप, आणि वायरीला जोरात झटका बसला असेल तर पोर्टबरोबर बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅकही उखडून येतात. गेल्या पावसाळ्यात एक ताई अशीच मशीन घेऊन आल्या, पोरगं खेळता खेळता वायरीत अडकून पडलं, पोराला काही झालं नाही पण पोर्ट आत तिरका गेला. त्या लॅपटॉपला सगळा मिळून एकच टाइप-सी, म्हणजे चार्जिंग बंद तर मशीन बंद. पोरीची परीक्षा तोंडावर. दुसरा टाइप-सी असता तर त्या दिवशी त्यावर काम भागलं असतं आणि रिपेअर आरामात केलं असतं.

म्हणून माझं एकच मागणं आहे, चार्ज होणारे टाइप-सी किमान दोन पाहिजेत, आणि जमल्यास एक डावीकडे एक उजवीकडे. घरात प्लग नेमका चुकीच्या बाजूला असतो हे तुम्हालाही माहितीय. हे मी सांगितलं तेव्हा भाऊपण गप्प बसला, नाहीतर तो गप्प बसणारा नाही.

ॲपलचंच बघा ना. २००६ मध्ये त्यांनी चुंबकानं चिकटणारा मॅगसेफ आणला, वायरीत पाय अडकला तर वायर सुटते, मशीन जागेवर. २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून तो काढला, एचडीएमआय (टीव्ही-प्रोजेक्टर जोडायचा पोर्ट) काढला, एसडी कार्डाची (कॅमेऱ्यातल्या कार्डाची) खाच काढली, ठेवले फक्त टाइप-सी आणि हेडफोनचा जॅक. लोकांनी पाच वर्षं शिव्या घातल्या, हब (एका टाइप-सीतून बरेच पोर्ट काढून देणारी डबी) विकणाऱ्यांची दिवाळी झाली (आमचीही थोडी झाली, खोटं कशाला बोलू), आणि २०२१ मध्ये १४ आणि १६ इंची मॉडेलांत तिन्ही परत आणले. पण टाइप-सीनं चार्जिंग तसंच चालू ठेवलं. मला विचाराल तर हेच बरोबर.

बाकी पोर्टांचं काय, तर तुम्ही काय काम करता त्यावर आहे सगळं. इथे रत्नागिरीत आमच्याकडे येणारी माणसं बघितली तर सीए आहेत, टेंडर भरणारे कॉन्ट्रॅक्टर आहेत, त्यांची डिजिटल सिग्नेचर पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये, ते जुन्या चपट्या यूएसबीचं. सेवा केंद्रवाल्यांचं अंगठ्याचं मशीन, तेही सहसा चपटंच. प्रिंटर, बारकोड स्कॅनर, माउसचा रिसिव्हर, सगळं तेच. चपटा यूएसबी १९९६ चा, कागदावर १,५०० वेळा लावा-काढायच्या हिशोबानं बनवलेला, टाइप-सी १०,००० वेळा, म्हणजे नवा जास्त टिकाऊ हे खरं, पण तुमचं टोकन चपटं आहे तोवर त्या दहा हजाराचा उपयोग काय! असे दोन तरी बघून घ्या. एक असेल तर माउस लावला की संपलं.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी एसडी कार्डाची खाच बघावी. ऑफिसवाल्यांनी लॅनचा (नेटची वायर लावायचा) पोर्ट बघावा, वायफायवर रिटर्न भरता भरता शेवटच्या तारखेला नेट गेलं की देव आठवतो. शाळेतल्या सरांनी-मॅडमनी आधी प्रोजेक्टरच्या मागे बघून यावं, तिथे निळा १५ पिनांचा व्हीजीए असेल तर (हा १९८७ चा, अजून मरत नाही) नवीन लॅपटॉपला तो मिळणार नाही, एचडीएमआयवरून कन्व्हर्टर लागेल, नुसती वायर चालत नाही, आत चिप असलेलाच घ्या. आणि गेमिंगवाल्या मुलांनो, तुमच्या मशिनाला २०० वॅटच्या वरचा गोल किंवा चौकोनी पिनचा चार्जर येतो तो येऊ दे, टाइप-सीच्या १०० वॅटवर मशीन चालेल पण गेम लावला की बॅटरी उतरत जाईल.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती गोष्ट. टाइप-सी दिसतो सारखा, पण प्रत्येक टाइप-सी सारखा नसतो. एखादा फक्त डेटाचा, त्यावर चार्जही होत नाही आणि टीव्हीही दिसत नाही. पोर्टच्या शेजारी बारीक खूण असते ती बघा, प्लगचं चित्र असेल तर चार्ज होतं, डी अक्षरात पी असेल तर स्क्रीन जोडता येते, विजेचा बाण म्हणजे थंडरबोल्ट, तो बहुतेक सगळं करतो. काही कंपन्या खूणच करत नाहीत, तेव्हा मॉडेल नंबर आम्हाला सांगा, आम्ही बघून सांगतो. आणि बॉक्सवरच्या नावांकडे तर लक्षच देऊ नका, यूएसबी ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ ही तिन्ही एकाच ५ जीबीपीएस वेगवाल्याची नावं आहेत, कुणी ठेवली देव जाणे.

केबलचंही तसंच. फोनच्या डब्यातली टाइप-सी केबल बऱ्याचदा ४८० एमबीपीएसचीच असते, म्हणजे त्या ५ जीबीपीएसच्या साधारण दहाव्या हिश्शाची. एका फोटोग्राफरचा ५० जीबीचा डेटा तिच्यावरून जायला वीस-बावीस मिनिटं लागत होती, तो एसएसडीला (डेटा ठेवायच्या डिस्कला) दोष देत होता, आम्ही नुसती केबल बदलली, अडीच मिनिटांच्या आत काम झालं. चार्जिंगला साधी केबल ६० वॅटपर्यंतच, त्यावर जायचं तर आत चिप असलेली ५ अँपिअरची लागते, तिच्यावर १०० किंवा २४० वॅट लिहिलेलं असतं.

चार्जर घेताना मोठ्या अक्षरातला आकडा वाचू नका. पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, तिथे २० व्होल्ट ३.२५ अँपिअर दिसलं म्हणजे ६५ वॅटचा खरा लॅपटॉप चार्जर. फोनच्या चार्जरवर ८० वॅट लिहिलेलं असलं तरी ते त्या कंपनीच्या स्वतःच्या फास्ट चार्जिंगचं असू शकतं, लॅपटॉपला त्यातलं थोडंच मिळतं किंवा काहीच मिळत नाही. दोन-तीन पोर्टांचा चार्जर असेल तर फोनही लावला की वॅट वाटले जातात, हेही लक्षात असू द्या. हबमधून चार्ज करत असाल तर हब स्वतः थोडे वॅट खातो, गरम होतो, त्याला उशीखाली ठेवू नका. (ठेवतात. आम्ही वितळलेला पाहिलाय.)

आणि आपल्या कोकणातली खारी दमट हवा. पोर्टात ओल असताना चार्जर लावला की त्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत २० व्होल्ट फिरतात आणि पिना हिरव्या पडायला लागतात, मग काळ्या. पावसात भिजून आलात तर बॅग उघडून तास-दोन तास तसंच राहू दे, मग लावा. पिन सैल वाटते, वायर धरून ठेवली तरच चार्ज होतं, अशी तक्रार आली की पोर्ट गेला असं समजू नका, आत बऱ्याचदा खिशातला-बॅगेतला कापूस दाबून गादी झालेली असते. टाचणी घालू नका, सेफ्टी पिन तर अजिबात नाही. मशीन बंद करून लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं काढा, भीती वाटत असेल तर आमच्याकडे आणा, साफ करून द्यायचे पैसे घेत नाही.

चुंबकाच्या टोकाच्या स्वस्त टाइप-सी पिना ऑनलाइन मिळतात, त्या आम्ही ठेवत नाही, मागू नका.

नवीन लॅपटॉप बघायला याल तेव्हा रोजच्या वापरातल्या वस्तू पिशवीत घालून आणा, टोकन, अंगठ्याचं मशीन, प्रिंटरची वायर, कार्ड, काय असेल ते. काउंटरवर लावून बघू आणि मगच ठरवू. जुने चार्जर घरात पडले असतील तर तेही आणा, चालू असतील तर कुणाच्या तरी कामाला येतील, नसतील तर खोक्यात जागा आहे. दुपारी दीड ते चार दुकान बंद, रविवारी पूर्ण बंद.