समलिंगी ज्यूंना धर्माची साद: रस्ता, जाहिरात आणि डेटिंग ॲप

ज्यू धर्म इतरधर्मीयांच्या मागे लागत नाही. कुणी स्वतःहून आला तरी त्याला आधी परावृत्त करावे, अशीच रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, जुनी रीत आहे. त्यामुळे ज्यू धर्मप्रसार म्हणजे आपल्याच माणसांना परत आणणे. जन्माने ज्यू, पण प्रार्थना आणि शब्बाथचा साप्ताहिक विसावा सोडून दिलेली अशी ही माणसे. या कामाला ‘किरुव’ म्हणतात. डेटिंग ॲपवरून समलिंगी ज्यूंशी धार्मिक बोलणे सुरू करण्याची कल्पना याच परंपरेतून येते.

या परंपरेला आजचे रूप दिले हसिदी या भक्तिप्रधान कर्मठ परंपरेतल्या खबाद पंथाने. १९६७ साली, इस्रायल-अरब यांच्यातल्या सहा दिवसांच्या युद्धाच्या तोंडावर, पंथाचे प्रमुख रब्बी मेनाखेम मेंडेल श्नीरसन यांनी तेफिलिनची मोहीम जाहीर केली. तेफिलिन म्हणजे तोरा या धर्मग्रंथातली वचने आत ठेवलेल्या चामड्याच्या दोन डब्या. त्या पट्ट्यांनी दंडावर आणि कपाळावर बांधून प्रार्थना करायची. तरुण अनुयायी चौकाचौकांत उभे राहून ये-जा करणाऱ्यांना विचारू लागले, “आपण ज्यू आहात का?” १९७४ पासून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्यासाठी खास गाड्याही फिरू लागल्या. आपल्याला हा पंथ माहीत आहे तो कुलाब्याच्या नरिमन हाउसमुळे. २००८ च्या २६/११ च्या हल्ल्यात तिथे मारले गेलेले रब्बी गॅव्हरिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग हे खबादचेच दूत होते. माणूस जिथे असेल तिथे आपण जायचे, हा या कामाचा पाया.

धर्म न पाळणाऱ्या ज्यूला इतक्या मायेने हाक मारता येते, याला तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातला एक आधार आहे. लहानपणीच परक्यांच्या हाती सापडून वाढलेल्या मुलाला धर्म माहीतच नसतो, मग त्याला दोष कसा द्यायचा? आजच्या धर्मापासून दूर वाढलेल्या ज्यूलाही अनेक रब्बी याच न्यायाने पाहतात. समलिंगी माणसापाशी मात्र हा आधार तोकडा पडतो. त्यांच्यातले कितीतरी जण कर्मठ घरांत, येशिवांत म्हणजे धार्मिक विद्यालयांत शिकून वाढलेले असतात. पुरुषांमधला समलिंगी संबंध निषिद्ध ठरवणारे तोरातले लेवीय १८:२२ त्यांना पाठ असते, आणि त्याच वचनाने त्यांना घराबाहेर काढलेले असते. ज्याला धर्म ठाऊकच नाही त्याला बोलावणे सोपे. ज्याला धर्मानेच दूर लोटले त्याला कोणत्या तोंडाने बोलवायचे?

याचे पहिले उत्तर समलिंगी ज्यूंनी स्वतः दिले. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘बेथ खायिम खदाशिम’ हे समलिंगी ज्यूंचे पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, उभे राहिले. त्याची सुरुवात समलिंगींसाठीच्या एका ख्रिस्ती चर्चमध्ये भेटलेल्या मोजक्या ज्यूंनी केली. १९७४ मध्ये रिफॉर्म या उदारमतवादी ज्यू पंथाने त्याला आपल्यात घेतले. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात एक छोटी जाहिरात आली आणि शुक्रवारच्या प्रार्थनेला माणसे जमली, तीही एका चर्चच्याच जागेत. तेच पुढे ‘बेट सिम्खात तोरा’ झाले. त्या साप्ताहिकाच्या छोट्या जाहिराती म्हणजे त्या काळातले ओळखी जुळवण्याचे ठिकाण. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण इथे बोलावणारा आणि येणारा एकाच बाजूचे होते. त्या निमंत्रणात बदलण्याची अट नव्हती. पुढे एड्सच्या साथीने याच मंडळींतले कित्येक जण नेले, आणि त्यांच्यासाठी कद्दिश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला हेच सिनेगॉग होते.

ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ, ज्यू जगातली वाट निराळी आणि बरीच वेदनेची. १९७४ मध्येच रब्बी नॉर्मन लॅम यांनी कृत्य निषिद्ध, पण माणूस सक्तीखाली वागणाऱ्यासारखा, असा युक्तिवाद मांडला. त्यात करुणा होती, पण माणसाकडे रोगी म्हणून पाहणेही होते. त्याच नजरेतून पुढे ‘बरे करण्याचे’ उद्योग फोफावले. न्यू जर्सीतली ‘जोना’ ही ज्यू संस्था समलिंगी कल बदलून देण्याचा दावा करत असे. २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयातल्या ज्युरीने तिला ग्राहक फसवणुकीबद्दल दोषी ठरवले आणि त्याच वर्षी तिला गाशा गुंडाळावा लागला. फसलेल्यांत कर्मठ घरांतले तरुण होते. मदत मिळेल या आशेने ते गेले होते, हे विसरता कामा नये.

दरम्यान २०१० च्या जुलैत शंभरावर ऑर्थोडॉक्स रब्बी आणि शिक्षकांनी एक निवेदन काढले. समलिंगी विवाहविधीला त्यांनी नकारच दिला. पण अशा व्यक्तींना सिनेगॉगमध्ये सन्मानाने सामावून घ्यावे, उपचारांची सक्ती करू नये, आणि भिन्नलिंगी विवाहाला सहसा प्रोत्साहन देऊ नये, कारण त्यातून मोठी शोकांतिका घडू शकते, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

नेमके त्याच सुमारास इस्रायलमध्ये उलट दिशेचा प्रयोग चालू होता. रब्बी अरेले हारेल हे धार्मिक समलिंगी पुरुष आणि धार्मिक समलिंगी स्त्रिया यांची लग्ने जुळवत होते, म्हणजे घर, मुले आणि समाजातले स्थान या तिन्हींची सोय. २०११ मध्ये ‘कामोहा’ या धार्मिक समलिंगींच्या संघटनेच्या साथीने हे काम संकेतस्थळावर आले. दोघांना एकमेकांचे सत्य ठाऊक असते, हा त्यातला प्रामाणिकपणा मान्य करायला हवा. पण जोडीदाराविषयीची ओढ आयुष्यभर बाजूला ठेवायची, ही किंमत मला फार जबर वाटते.

डेटिंग ॲप या इतिहासात उशिरा आले. ग्राइंडर हे समलिंगी पुरुषांसाठीचे ॲप २००९ मध्ये सुरू झाले. त्याचे संस्थापक जोएल सिमखाई यांचा जन्म तेल अवीवचा. जवळ कोण आहे हे ते अंतरासकट दाखवते. कर्मठ वस्तीतल्या, घरी काहीच न सांगितलेल्या तरुणासाठी बऱ्याचदा बोलता येणारी तेवढीच जागा असते, आणि तीही सुरक्षित नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये इस्रायलच्या ‘अत्राफ’ या समलिंगी डेटिंग सेवेची माहिती ‘ब्लॅक शॅडो’ या हॅकर टोळीने चोरली, दहा लाख डॉलर मागितले आणि ती न मिळाल्यावर उघड केली. त्यात काहींच्या एचआयव्हीविषयीच्या नोंदीही होत्या.

चौकातला तेफिलिनवाला दाढी, कोट, टोपीसह समोर उभा असतो. नकोसे वाटले तर नाही म्हणून पुढे जाता येते. ॲपवर येणारा आपण कोण, कशासाठी आलो हे दडवू शकतो, आणि समोरच्याचे गुपित मात्र त्याच्या हाती आलेले असते. म्हणून अशा ठिकाणी धर्माच्या नावाने बोलणाऱ्याने पहिल्याच ओळीत आपण कोण आहोत आणि या माणसाला आहे तसा सिनेगॉगमध्ये बसवणार की नाही, हे सांगायलाच हवे.