मैदानावरचा फोटो हलतो का? मिररलेस कॅमेरा वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की काउंटरवर एक तरी कॅमेरा येतोच. "फोटो हलतायत. ऑटोफोकस गेलाय बहुतेक, बघा जरा." आदल्या दिवशी कुठेतरी कुस्त्यांचं मैदान नाहीतर कबड्डीची स्पर्धा झालेली असते. आम्ही फोटो मोठा करून बघतो, खालची माहिती वाचतो: शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, १/१६० सेकंद. कॅमेरा ठणठणीत असतो. दुरुस्तीचे पैसे घ्यायला जागाच उरत नाही, म्हणून त्याऐवजी हे पत्रक छापून ठेवलं आहे. नवी लेन्स घ्यायला आलेल्यांनीही ते आधी वाचावं. वाचून लेन्सचा बेत रद्द झाला तरी आमची हरकत नाही.

उदाहरणं जास्त करून कुस्तीची आहेत. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इकडे कराडजवळ आणि मारुती मानेंचं कवठेपिरान आमच्या सांगलीजवळ. आपल्या भागात हातात कॅमेरा आला की पहिलं मैदान कुस्तीचंच होणार.

आधी शटर, मग बाकीचं

सेकंदाला ५ मीटर वेगाने पळणारा खेळाडू १/१६० सेकंदात ३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. हात-पाय तर धडापेक्षा जोरात फिरतात. तेच १/१००० ठेवलं की हे अंतर ५ मिलिमीटरवर येतं आणि फोटो गोठतो. आमचा अनुभव असा: कुस्तीला १/८००, कबड्डी आणि खो-खोला १/१०००, क्रिकेटमध्ये बॅटला चेंडू लागतानाचा क्षण हवा असेल तर १/२०००. "पण माझ्या कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन आहे" असं पुष्कळ जण म्हणतात. ते तुमचा हात सावरतं, पैलवानाचा नव्हे.

कॅमेरा मॅन्युअलवर घ्या. शटर वर सांगितल्याप्रमाणे, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक) लेन्स उघडेल तितकं उघडं, आणि आयएसओ (प्रकाश कमी असताना फोटो उजळवणारा आकडा) ऑटोवर. ऑटोची कमाल मर्यादा १२८०० करून ठेवा. फोटोत दाणे दिसतील म्हणून लोक आयएसओला घाबरतात. दाणे घरी संगणकावर बऱ्यापैकी काढता येतात, हललेला फोटो मात्र कुणाच्या बापाला सरळ करता येत नाही. संध्याकाळी पैलवानामागे उजळ आभाळ आलं तर चेहरा काळा पडतो. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-काळा करायची सेटिंग, +१ करा. पांढऱ्या कपड्यातल्या क्रिकेटवाल्यांसाठी +०.७ पुरतं.

उलटा प्रयोगही करून बघण्यासारखा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून बैलगाड्यांच्या शर्यतींची मैदानं पुन्हा भरू लागली आहेत. तिथे १/२००० ने काढलेला फोटो बघा: बैल जागीच उभे असल्यासारखे दिसतात. शटर १/६० वर आणा, गाडी येताना कंबरेतून वळत तिच्याबरोबर कॅमेरा फिरवा आणि फिरवता फिरवताच बटण दाबा. दहांतले आठ-नऊ फोटो फेकावे लागतील. उरलेल्यात बैलांची डोकी ठसठशीत आणि मागची गर्दी नुसत्या रेघा, असं काहीतरी हाती लागेल.

फोकस पंचावर का जातो

आता खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

मिररलेस कॅमेरा माणसाचा चेहरा, डोळा शोधून त्यावर फोकस धरतो. रस्त्यावर, लग्नात, बारशात ही सोय सोन्यासारखी आहे. आखाड्यात मात्र दोन पैलवान एकमेकांत गुंतलेले, एकाची मान दुसऱ्याच्या काखेत, दुसऱ्याचं तोंड मातीकडे. कॅमेऱ्याला चेहरा सापडतच नाही. मग त्याला फ्रेममध्ये एकच स्वच्छ, समोर बघणारा, स्थिर चेहरा दिसतो: पंचांचा. परवाच एका मुलाने काउंटरवर फोटो दाखवला. ढाक डावावर उचललेला पैलवान हवेत, पाठीवर लाल मातीची बोटं उमटलेली, आणि सगळं मऊ, धूसर. मागे उभ्या असलेल्या पंचांच्या मिशीचा मात्र केस न् केस मोजून घ्या.

यावर उपाय असा. फोकस मोड सतत चालणारा ठेवा: सोनी, निकॉन आणि फुजीत तो 'एएफ-सी' म्हणून आहे, कॅननमध्ये 'सर्व्हो'. फोकसचा भाग अख्ख्या फ्रेमभर न ठेवता मधला लहान चौकोन निवडा. झोंबी लागली की चेहरा-ओळख बंद करा आणि चौकोन जवळच्या पैलवानाच्या खांद्यावर ठेवा. सलामी देताना, माती अंगाला लावताना, जिंकल्यावर हात वर करताना ती पुन्हा चालू करा. चालू-बंद करायला दर वेळी मेनूत शिरावं लागू नये म्हणून ते एखाद्या रिकाम्या बटणावर लावून घेता येतं. कॅमेरा दुकानात आणलात तर पाच मिनिटांत लावून देऊ, त्याचे पैसे नाहीत.

कबड्डीत वेगळीच अडचण. चढाई करणारा धूसर आणि मागचे प्रेक्षक स्पष्ट, असं वारंवार होत असेल तर फोकस किती चटकन उडी मारतो याची एक सेटिंग असते, ती 'चिकट' बाजूला सरकवा. मध्ये कुणाचा हात आडवा आला तरी कॅमेरा धरलेला खेळाडू सोडत नाही.

कुठे बसायचं

कुस्तीचा फोटो उभ्याने काढू नका. वरून काढलेला पैलवान बुटका दिसतो आणि मागे नुसती माती येते. आखाड्याच्या कडेला मांडी घाला, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, मागचा स्क्रीन वर उघडून त्यात बघा. मिररलेसला ही सोय असते आणि लोक ती सेल्फीपुरतीच वापरतात. चप्पल-बूट घालून मातीत पाऊल टाकायचं नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बसण्याआधी वस्तादांना किंवा आयोजकांना विचारा. चालू कुस्तीत फ्लॅश नको.

हलगीकडे कान ठेवा. ठेका वाढला की जोड रंगात आलेली असते. पट काढणाऱ्याची, म्हणजे पाय धरून पाडणाऱ्याची, आधी नजर खाली जाते, मग खांदा. खांदा पडलेला दिसल्यावर बटण दाबलं तर फोटो उशिराचा येतो, नजरेवर दाबायला शिका. नव्या काही कॅमेऱ्यांत बटण दाबण्याच्या आधीचे क्षणही साठवायची सोय आली आहे. ती असेल तर वापरा, पण तिच्या भरवशावर कुस्ती बघायचं सोडू नका.

लेन्स: मोठी की उघडी?

"३०० ची द्या", म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी ३०० मिलिमीटरची लेन्स द्या, म्हणत आलेल्या माणसाला आम्ही आधी खेळ कुठला ते विचारतो. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. कोपऱ्यात बसलात तर खेळ तुमच्यापासून ६-७ मीटरवर चालतो. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा उभा धरला, तर ७ मीटरवरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत बरोबर मावतो. तिथे ३०० ची लेन्स लावली तर नुसता कान येईल.

शिवाय प्रकाशाचा हिशेब आहे. किटबरोबर मिळणाऱ्या लांब झूम लेन्स पूर्ण ताणल्यावर बहुधा एफ ६.३ वर येतात. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. एफ २.८ ची लेन्स त्याच्या सुमारे ५ पट प्रकाश आत घेते आणि ८५ एफ १.८ सुमारे १२ पट. म्हणजे रात्रीच्या मैदानात किट लेन्सवर जिथे आयएसओ १२८०० लागतो, तिथे एफ २.८ वर साधारण २५०० पुरतो. मोठ्या कुस्त्या शेवटी लागतात आणि तोवर दिवस मावळलेला असतो, हे लक्षात ठेवून लेन्स निवडा. जवळ बसायला मिळत असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: ८५ एफ १.८ घ्या, लांब झूमचा खर्च वाचवा.

क्रिकेटला मात्र लांब लेन्सला पर्याय नाही. सीमारेषेवरून ७० मीटरवरचा फलंदाज ३०० मिलिमीटरवर फ्रेमच्या जेमतेम निम्म्या उंचीचा येतो. वर्षातून दोन-तीनदाच लागणार असेल तर विकत घेऊ नका, भाड्याने न्या.

मुकं शटर आणि विळ्यासारखी बॅट

मिररलेसमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. ते चालू ठेवून काढलेल्या फोटोत बॅट विळ्यासारखी वाकडी आली तर बॅट बघायला जाऊ नका. सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचत जातो. साध्या कॅमेऱ्यांत या वाचनाला सेकंदाचा विसावा-तिसावा भाग लागतो आणि तेवढ्यात बॅट पुढे गेलेली असते. शटर १/४००० ठेवलं तरी हे सुटत नाही. निकॉन झेड ९ सारख्या महागड्या कॅमेऱ्यांत वाचन इतकं जलद आहे की त्यात यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही. सोनीच्या ए९ मार्क ३ मध्ये तर अख्खा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो. तुमचा कॅमेरा त्यांतला नसेल तर मैदानावर यांत्रिक शटरच वापरा.

मुकं शटर लागतं ते तिरंदाजीला. २०२३ मध्ये साताऱ्याची तिरंदाज आदिती स्वामी बर्लिनला जगज्जेती झाल्यापासून साताऱ्याकडून त्याबद्दल विचारणा होऊ लागली आहे. बाण सेकंदाला ८० मीटरच्या आसपास वेगाने जातो. १/४००० मध्येही तो २ सेंटिमीटर सरकतो. बाणाचा नाद सोडा. दोरी नाक-हनुवटीला टेकलेली असते तो चेहरा टिपा. तो स्थिर असतो, त्यामुळे मुक्या शटरचा दोष दिसत नाही आणि तिरंदाजाचं लक्षही विचलित होत नाही. तिरंदाज उभे राहतात त्या रेषेच्या पुढे पाऊल नको.

रात्रीच्या दिव्यांचंही एक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, १/१००० च्या शटरला कळतं. एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, तिसऱ्यात आडवे पट्टे. मेनूत 'अँटी-फ्लिकर' शोधा आणि यांत्रिक शटरसह चालू करा. फोटो काढण्याचा वेग थोडा मंदावतो, तेवढं चालवून घ्या.

बटण दाबून धरू नका

हे स्वतःचं सांगतो. पहिल्यांदा मिररलेस घेऊन मैदानाला गेलो तेव्हा सेकंदाला १० फोटो निघतात याचंच अप्रूप. पट निघाला आणि मी बोट दाबूनच ठेवलं. रॉ (कॅमेऱ्याने न आवळलेला, कच्चा) फोटो एकेक २५ एमबीचा, म्हणजे सेकंदाला २५० एमबी, आणि कार्ड व्ही ३० दर्जाचं, ज्याची लेखनाची हमी सेकंदाला ३० एमबीची. पाच-सहा सेकंदांत बफर, म्हणजे कार्डावर जाईपर्यंत फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा, भरला. समोर पैलवान चितपट झाला, लोकांनी फेटे उडवले, आणि माझ्या कॅमेऱ्यावरचा दिवा नुसता लुकलुकत होता. त्या कुस्तीचे ५५ फोटो माझ्याकडे आहेत, निकालाचा एकही नाही.

डाव सेकंदभराचा असतो. तेवढंच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. जेपेगमध्ये काढलेत तर बफर बराच पुरतो आणि हौसेच्या कामाला जेपेग चालतं. कॅमेऱ्याला दोन कार्डांच्या जागा असतील तर दोन्ही भरा. बॅटरी दोन न्या, व्ह्यूफाइंडरचा पडदा चालू असेपर्यंत ती खर्च होतच असते.

धूळ आणि पाऊस

लेन्स बदलताना कॅमेरा बंद करा, तोंड जमिनीकडे धरा, वाऱ्याकडे पाठ करा. शर्यतीच्या मैदानात तर बदलूच नका. मिररलेसमध्ये सेन्सर उघड्यावर असतो, आरशाचा आडोसा नाही. बसलेली धूळ हातपंपाने उडवा. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. रुमालाने पुसून आणलेल्या सेन्सरवरचा ओरखडा आम्हालाही काढता येत नाही.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पावसाळी दिवसांत यवतेश्वरच्या घाटात होते. धुक्यात फोटो सुरेख येतात आणि लेन्सला बुरशीही तिथूनच लागते. घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत कोंडू नका. पुसून पंख्याखाली उघडा ठेवा, मग सिलिका जेलसह हवाबंद डब्यात. तांदळात पुरू नका, पिठाची भुकटी आत जाते. काचेवर जाळीसारखं काही दिसलं तर लगेच आणा. लवकर आणलेली बुरशी बहुधा निघते, वर्षभर मुरलेली काचेवरचा लेप खाते.

भाड्याने नेताना

दर काउंटरवर लावलेले आहेत. मूळ ओळखपत्र आणि अनामत लागते. नेण्याआधी आमच्यासमोर चार फोटो काढून बघा, लेन्सची दोन्ही टोकं उजेडात धरून बघा. परत आणल्यावर आम्हीही तेच करू. रविवारच्या मैदानासाठी शनिवारी संध्याकाळी घ्या आणि रात्री घरात पळणाऱ्या पोरांवर सराव करा.

आणि फोटो बिघडला म्हणून दाखवायला येताना व्हॉट्सॲपवरचा फोटो आणू नका. त्यात शटर, आयएसओ, फोकल लेंग्थ काहीच उरत नाही, मग आम्ही अंदाजच करत बसतो. कार्ड तसंच घेऊन या, फोटो न पुसता. दुपारी २ ते ४ दुकान बंद असतं.