लाकडी सांगाड्याचं घर बांधायचंय? महाराष्ट्रात परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

लाकडी घर म्हणजे तात्पुरतं बांधकाम, त्याला परवानगी लागत नाही, असं तयार लाकडी घरं विकणारे सर्रास सांगतात. उद्या खोलून दुसरीकडे नेता येतं, मग परवानगी कसली, असा त्यांचा युक्तिवाद. त्यावर विसंबून पैसे गुंतवू नका. बांधकाम नियमावलीत इमारतीची व्याख्या साहित्यावर ठरत नाही. रचना कशाचीही असो, ती इमारतच. सागाचं, पाइनचं किंवा बांबूचं घर विनापरवाना उभं केलं, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली ते पाडण्याची नोटीस येऊ शकते.

खरं तर आरसीसी घरापेक्षा इथे दोन बाबींचे कागद जास्त सांभाळावे लागतात: सांगाडा पेलेल का याचे, आणि लाकूड कुठून आलं याचे. बहुतेक जण उत्साहात आधी लाकूड घेतात. क्रम उलटा ठेवा. आधी जमीन, मग नकाशा आणि परवानगी, मग लाकूड.

अर्ज कुणाकडे?

शहरात महापालिका किंवा नगरपालिका, विकास प्राधिकरणाच्या हद्दीत ते प्राधिकरण, गावठाणात ग्रामपंचायत (ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, कलम ५२), आणि गावठाणाबाहेरच्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. जागा गावठाणाच्या आत की बाहेर, यावरून वाद होतात. म्हणून तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयाकडून ते लेखी घ्या.

राज्याच्या बहुतांश भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बृहन्मुंबई, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नियोजन क्षेत्र), थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपालिका आणि पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रं तिच्यातून वगळलेली आहेत. लाकडी घराची हौस नेमकी अशाच जागी होते. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून संवेदनशील क्षेत्र आहे, तिथले नियम वेगळे आणि कडक. किनाऱ्यालगतच्या जागेसाठी सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) मर्यादाही तपासावी लागते. प्लॉटचा सौदा करण्याआधी हे पाहा.

अर्ज कोण करू शकतो?

सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर ज्याचं नाव आहे तो मालक, किंवा त्याचा नोंदणीकृत मुखत्यारपत्रधारक. नावं अनेक असतील तर सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती हवी. वडिलोपार्जित जमिनीत 'भाऊ काही बोलणार नाही' हे कार्यालयात चालत नाही. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली, असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

शेतजमीन असेल तर आणखी दोन गोष्टी. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला ती सरळ विकत घेता येत नाही, आणि गुंठ्यांत तुकडे पाडून विकलेल्या जमिनी १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अडकू शकतात. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात फार्महाउस बांधायचं असेल तर किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. अकृषिक (शेतीव्यतिरिक्त) वापराचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा सुधारले गेले आहेत. जुन्या ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर न जाता, अर्जाच्या वेळी लागू असलेली तरतूद तहसील कार्यालयातून लेखी घ्या.

जमिनीचे कागद

डिजिटल सहीचा ताजा सातबारा आणि ८अ, किंवा शहरात मिळकत पत्रिका, खरेदीखत, संबंधित फेरफार, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, झोन दाखला, कर भरल्याची पावती, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. यात सर्वाधिक वेळ मोजणी खाते. तिचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका, बाकीचं समांतर चालू द्या.

नकाशा आणि सांगाडा

नकाशे परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याच्या सहीने जातात. त्यांचं नेमणूकपत्र, देखरेखीची हमी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र सोबत जोडतात. लाकडी घराचं भवितव्य या शेवटच्या कागदावर ठरतं, म्हणून इथे काटकसर करू नका.

आरसीसी करणारे बरेच इंजिनिअर लाकडाची गणितं करत नाहीत. नेमण्याआधी सरळ विचारा: आयएस ८८३ प्रमाणे डिझाइन करता का? लाकडी रचनेचं भारतीय मानक ते. नकाशावर नुसतं 'लाकडी तुळई' लिहून भागत नाही. लाकडाची जात, प्रत, ओलावा आणि प्रत्येक सांध्याचा तपशील हवा, कारण सागाची आणि पाइनची ताकद सारखी नसते. वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ आणि भूकंपासाठी आयएस १८९३ पाहिलं जातं. वाळवीविरोधी उपचाराचं मानक आयएस ६३१३ आहे. जमिनीवरची प्रक्रिया पाया भरतानाच करायची असते, त्यामुळे ती नकाशावर आणि कामाच्या यादीत आधीच नोंदवा.

भूकंपाचा मुद्दा कागदी समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या, पण अनेक घरांत आतला लाकडी सांगाडा उभा राहिला. लाकूड हादरा सोसतं. मात्र सांधे घट्ट हवेत आणि भिंत सांगाड्याला बांधलेली हवी. हे सगळं डिझाइनमध्येच ठरतं.

खांबाच्या बुडाचा तपशील स्वतः नीट पाहा. जुन्या वाड्यांत खांब दगडी तळखड्यावर उभा असे, मातीला लाकूड टेकत नसे. आज त्या जागी जोत्याच्या काँक्रीटमध्ये रोवलेले बोल्ट आणि त्यावर लोखंडी बूट असतो. खांब बुटात बसतो, खाली थोडी फट राहते, पाणी साचत नाही. सांगाडा कारखान्यात कापून येणार असेल तर बोल्टची जागा एक इंच सरकली तरी तुळई बसत नाही. म्हणून जोतं भरण्याआधी मापं इंजिनिअरकडून तपासून घ्या.

लाकडाचे कागद

स्वतःच्या शेतातला साग तोडून घर बांधायचं असेल तर झाड आपलं असूनही परवानगी लागते. महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत साग, ऐन, खैर, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह अशी झाडं आहेत. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करताना सातबारावर झाडांची नोंद असावी. नसेल तर ती आधी करून घ्या. नंतर वन विभाग मोजणी करतो, ओंडक्यांवर हातोड्याचा ठसा आणि क्रमांक पडतो, मग वाहतूक परवाना मिळतो. परवान्यावरचे क्रमांक आणि ओंडक्यावरचे क्रमांक गाडी भरताना ताडून पाहा. फरक निघाला तर गाडी नाक्यावर अडते. शहरी हद्दीतल्या झाडांना १९७५ चा वेगळा कायदा लागू आहे.

वखारीतून घेतलं तर जीएसटी बिल आणि गरजेप्रमाणे वाहतूक परवाना. आयात लाकडासाठी विक्रेत्याकडून आयातीच्या कागदांची प्रत मागून घ्या. पाडलेल्या वाड्याचं लाकूड घेणं मला फार पटतं, ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. पण खरेदीची पावती, वाडा पाडल्याच्या परवानगीची प्रत आणि वाहतुकीबाबत वनपरिक्षेत्र कार्यालयाचं लेखी उत्तर घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि जुनी तुळई इंजिनिअरने तपासल्याखेरीज वापरू नका, खिळ्यांच्या जागी आतून पोखरलेली असू शकते.

बांबूच्या बाबतीत मोकळीक आहे. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे शेतातल्या बांबूसाठी हे सोपस्कार राहिले नाहीत. घराच्या परवानगीतून मात्र त्याने सुटका होत नाही.

अर्जानंतर

अर्ज ऑनलाइन बांधकाम परवानगी प्रणालीवर वास्तुविशारदाच्या लॉगिनमधून जातो. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी नियमावलीत सवलत आहे: परवानाधारक तज्ज्ञाने प्रमाणित केलेले नकाशे आणि शुल्क जमा केल्याची पोच हीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी दहा दिवसांची मुदत आहे. इतर प्रकरणांत १९६६ च्या अधिनियमाप्रमाणे ६० दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. पण तो आधार घेण्याआधी अर्ज त्रुटीमुक्त होता ना, हे पाहा, कारण कार्यालयाने त्रुटी कळवली असेल तर हिशोब बदलतो.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, एक वर्षासाठी असतं. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करत ते एकूण चार वर्षांपर्यंत चालवता येतं. लाकूड वाळवायला वेळ लागतो, म्हणून ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. जोतं झालं की तपासणीची सूचना द्या आणि जोता प्रमाणपत्र मिळाल्यावरच सांगाडा उभारा. काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला जोडून भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरण्याची परवानगी, घ्या. गावात काही जण घरपट्टीची नोंद झाली की काम संपलं असं समजतात. घरपट्टी हा फक्त कर आहे. तिची पावती परवानगीची किंवा भोगवट्याची जागा घेऊ शकत नाही.