टिंब दिलं की विमानतळ मुरगूडला

कोल्हापूर विमानतळाची जागा विमानवाल्यांच्या पद्धतीनं लिहायची तर ती अशी दिसते: १६३९५३एन ०७४१७२२ई. टिंब नाही, अंशाचं चिन्ह नाही. मोबाईलवरच्या नकाशाची सवय असलेला माणूस इथे मनानंच टिंब देतो, १६.३९५३ आणि ७४.१७२२, आणि विमानतळाचं गाव उजळाईवाडी सोडून बत्तीसेक किलोमीटर लांब मुरगूडच्या परिसरात पोचतो. कारण ते १६ अंश, ३९ मिनिटं, ५३ सेकंद आहेत. दशांशात १६.६६४७.

साठाचा हा हिशोब (अंशाची साठ मिनिटं, मिनिटाचे साठ सेकंद) टिकलाय तो सोयीपोटी. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, १८५२ मीटर, आणि विमानाचा वेगही ताशी सागरी मैलांत, म्हणजे नॉटमध्ये मोजतात. सरळ उत्तरेला अक्षांशाची ३० मिनिटं म्हणजे ३० सागरी मैल, झालं. मात्र विमानवाल्यांतही एकवाक्यता नाही. छापील माहितीत सेकंद असतात. फ्लाइट प्लॅनमध्ये अंश-मिनिटांची अकरा अक्षरं, १६४०एन०७४१७ई. कॉकपिटमधल्या संगणकात बहुधा मिनिटांचे दशांश, एन१६३९.९ ई०७४१७.४.

(सेकंदापर्यंत आकडा लिहिला की लोकांना तो खराच वाटतो. केदारनाथपासून रामेश्वरपर्यंतची शिवमंदिरं ७९ अंश ४१ मिनिटं ५४ सेकंद या एकाच रेषेवर आहेत, असा संदेश दर महाशिवरात्रीला फिरतो. केदारनाथ ७९ अंश ४ मिनिटांवर आहे, त्या रेषेपासून सुमारे साठ किलोमीटर पश्चिमेला. नकाशा उघडून कुणीही बघावं.)

रेखांश १८० पर्यंत जातो, म्हणून त्याला अंशाची तीन घरं. आपल्या ७४ च्या आधीचं शून्य त्यासाठीच. १० मार्च २०१५ रोजी सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या विमानात सुरुवातीची जागा हातानं भरताना १५१०९.८ पूर्वऐवजी ०१५१९.८ पूर्व पडलं. आकडे तेच, शून्य तेवढं पुढे सरकलं. घरं बरोबर भरली होती. विमानाच्या लेखी ते आता केपटाउनच्या पश्चिमेला समुद्रात होतं, अकरा हजार किलोमीटर दूर. चूक उड्डाणानंतर ध्यानात आली. विमान शेवटी मेलबर्नला उतरवलं.

आता खरी गंमत. विमान कुठे आहे हे सांगणारी, जडत्वावर चालणारी यंत्रणा बाहेरचं काही ऐकत नाही. जायरो वळणं मोजतात, त्वरणमापक वेगातला बदल मोजतात, आणि सुरुवातीच्या जागेत ही बेरीज होत जाते. उभ्या विमानातले जायरोही गप्प नसतात, कारण खाली पृथ्वी तासाला १५ अंश फिरतेय. ध्रुवावर हे सगळं फिरणं उभ्या अक्षाभोवती जाणवेल, विषुववृत्तावर सगळं उत्तर-दक्षिण आडव्या अक्षाभोवती. कोल्हापुरात त्याची वाटणी होते: उभ्या अक्षाभोवती तासाला ४.३ अंश (१५ गुणिले अक्षांशाचं साइन), आडव्याभोवती १४.४ (१५ गुणिले कोसाइन). या दोघांच्या गुणोत्तरावरून यंत्र आपला अक्षांश स्वतःच काढतं आणि वैमानिकानं भरलेला अक्षांश फार चुकला असेल तर हरकत घेतं.

रेखांशाचं तसं नाही. विजयवाडा कोल्हापूरच्या जवळपास त्याच अक्षांशावर आहे, आणि तिथेही पृथ्वीचं फिरणं जायरोला असंच जाणवतं. पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे सांगणारी खूणच त्या फिरण्यात नाही. शून्य रेखांश ग्रिनिचला हे माणसांनी ठरवलं, पृथ्वीला त्याचा पत्ता नाही. म्हणून सिडनीची चूक यंत्राला स्वतःच्या मोजमापातून पकडताच येत नव्हती. मागच्या उड्डाणानंतर साठवलेल्या जागेशी ताडून पाहणं हा एक मार्ग असतो, पण त्यातून येते ती फक्त सूचना. नव्या यंत्रणांत ही जागा जीपीएसवरून घेता येते. जिथे जीपीएसचे संकेत मुद्दाम बिघडवले जातात, तिथे मात्र पुन्हा भिस्त याच जायरोंवर.