नार्मचं लीडरशिप ट्रेनिंग : शास्त्रज्ञाचा साहेब होताना

भारतीय कृषी अनुसंधान परिषद, म्हणजे सगळे जिला आयसीएआर म्हणतात ती, तिथल्या सिनियर शास्त्रज्ञांना संचालकपदासारख्या वरच्या खुर्च्यांसाठी तयार करायला जो कोर्स घेतात त्याला एक्झिक्युटिव्ह डेव्हलपमेंट प्रोग्रॅम म्हणतात. हा होतो हैदराबादला, राजेंद्रनगरच्या नार्ममध्ये. नार्म म्हणजे राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमी, 1976 साली परिषदेनेच काढलेली. नवीन भरती झालेले शास्त्रज्ञ फाउंडेशन कोर्सला इथेच येतात आणि वीसेक वर्षांनी केस पांढरे झाल्यावर यातलेच काहीजण साहेब व्हायचं शिकायला परत इथेच येतात.

मधल्या काळात काय होतं ते समजून घेतलं तर हा कोर्स का लागतो ते कळतं. भरती कृषी वैज्ञानिक निवड मंडळाकडून, परीक्षा आणि मुलाखत देऊन. मग पेपर, वाण, प्रोजेक्ट, प्रमोशन असं चालू राहतं, आणि एक दिवस तोच माणूस विभागप्रमुख नाहीतर संचालक होतो. संचालक, उपमहासंचालक वगैरे पदांना परिषदेत रिसर्च मॅनेजमेंट पोझिशन म्हणतात, त्यांची निवड वेगळी होते आणि मुदत साधारण 5 वर्षांची. आता आयुष्यभर ज्याने ऊस नाहीतर सोयाबीन बघितलं त्याच्यासमोर एकदम बजेट, टेंडर, बदलीचे अर्ज, माहिती अधिकाराचे अर्ज, ऑडिटचे आक्षेप. आपल्याकडे सांगली-साताऱ्यात तालमीतल्या कुणालाही विचारा, चांगला पैलवान चांगला वस्ताद होईलच असं नाही, इथेही तेच आहे.

कोर्समध्ये काय असतं तर एक बाजू माणसांची आणि एक बाजू कागदांची. माणसांच्या बाजूला टीम कशी बांधायची, भांडणं कशी मिटवायची, स्वतःचा स्वभाव तपासायच्या प्रश्नावल्या, केस स्टडी, गटचर्चा. कागदांच्या बाजूला खरेदीचे नियम, प्रोजेक्टचं नियोजन, पेटंट आणि वाणांचे हक्क असलं सगळं. लोक पहिल्या बाजूचं कौतुक जास्त करतात पण माझ्या मते साहेबाला रात्री झोप लागू देत नाही ती दुसरी बाजू, कारण केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर अडकलेलं एखादं मशीन मार्चअखेर वर्षाचं बजेट संपलं की गेलंच, मग तुमची लीडरशिप स्टाईल कुठली का असेना.

सातारा-सांगलीकरांचा इथे एक घोळ कायम होतो. फलटण तालुक्यातलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र, 1932 पासूनचं, आणि सांगलीजवळचं कसबे डिग्रजचं केंद्र, ही दोन्ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची, थेट आयसीएआरची नाहीत. पण देशभर चालणाऱ्या समन्वित प्रकल्पांमधून त्यांचा दिल्लीशी संबंध येतो, त्यात साधारण 75 टक्के पैसा परिषदेचा आणि 25 टक्के राज्याचा. विद्यापीठांचे अधिकारी आणि प्राध्यापकसुद्धा नार्मच्या कोर्सेसना जातात, त्यामुळे हैदराबादला एकाच बाकावर केंद्राचा एक आणि राज्याचा एक असे बसलेले असतात आणि पगारापासून रजेपर्यंत दोघांचे नियम वेगळे.

नेतृत्वाची खरी अडचण बघायची असेल तर को 86032 घ्या, आपल्या भागात कुठल्याही शेतकऱ्याला पाठ असलेला ऊस. नंबरातले 86 म्हणजे 1986 सालची निवड, आणि महाराष्ट्रात लागवडीसाठी शिफारस होईपर्यंत 1996 उजाडलं. संकर कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत, जी आयसीएआरची, आणि इकडच्या चाचण्या पाडेगावला, जे विद्यापीठाचं. म्हणजे दहा वर्षं, दोन संस्था, दोन वेगळी सरकारं, आणि खुर्चीची मुदत 5 वर्षांची. जो साहेब काम सुरू करतो तो बहुतेक वेळा वाण बाहेर पडताना खुर्चीत नसतोच, फोटो दुसऱ्याचाच येतो. तरी आधीच्याने सुरू केलेलं काम निव्वळ त्याचं आहे म्हणून बंद न करणं, हे जमलं तरी मी त्या माणसाला पास म्हणेन. वर्गात हे शिकवता येतं का याबद्दल मला शंका आहे, पण निदान कोणीतरी तोंडावर बोलून दाखवतं तेही कमी नाही.

खालच्या पातळीवर हाच प्रश्न कृषी विज्ञान केंद्रात येतो. साताऱ्यात बोरगाव आणि कराडजवळ कालवडे, सांगलीत कांचनपूर, अशी शेतकऱ्यांपर्यंत नवं तंत्र पोचवणारी केंद्रं आहेत, पुण्याच्या अटारीच्या, म्हणजे परिषदेच्याच विभागीय कार्यालयाच्या, देखरेखीखाली. एका केंद्राला मंजूर पदं 16, त्यात एक प्रमुख आणि सहा विषय विशेषज्ञ, बाकी फार्म मॅनेजर, ड्रायव्हर, ऑफिसवाले वगैरे. काही केंद्रं विद्यापीठाची, काही ट्रस्टची, म्हणजे प्रमुखाचा पगार परिषदेच्या पैशातून, नेमणूक यजमान संस्थेची, टार्गेट अटारीचं आणि दारात उभा शेतकरी. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा कृष्णाकाठची शेतं दिवसच्या दिवस बुडून होती. अशा वेळी प्रमुखाने बियाणं आधी हलवायचं, चाचणी प्लॉटच्या नोंदी वाचवायच्या की गावात जाऊन पंचनाम्याला मदत करायची, वरून लेखी आदेश यायला वेळ लागतो आणि उत्तर त्याला त्याच दुपारी द्यायचं असतं.

असले कोर्स फक्त शेतीवाल्यांकडेच आहेत असं नाही. सीएसआयआर या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचं मनुष्यबळ विकास केंद्र गाझियाबादला आहे, डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची तंत्रज्ञान व्यवस्थापन संस्था मसुरीला. 2020 मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण योजनेपासून तिच्या आयगॉट पोर्टलवर बरेच कोर्स ऑनलाइन आलेत, मोबाइलवर व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, सर्टिफिकेट घ्या. नियम शिकायला ते बरं पडतं. पण चहाच्या सुट्टीत दुसऱ्या राज्यातला संचालक "आमच्याकडे युनियनवाल्यांशी असं निस्तरलं बघा" म्हणून जे सांगतो ते मोबाइलवर मिळत नाही, आणि कोर्सला जाऊन आलेली बरीच मंडळी लेक्चरपेक्षा तेच जास्त सांगत बसतात.