घराचे मूल्यांकन

एखादे घर ठरावीक तारखेला खुल्या बाजारात किती किमतीला जाईल, याचा पाहणी आणि कागदपत्रांवरून काढलेला लेखी अंदाज म्हणजे घराचे मूल्यांकन. गृहकर्ज, भावंडांतील वाटणी आणि प्राप्तिकर ही त्याची नेहमीची निमित्ते. नाशिकमध्ये बोलताना त्याला ‘व्हॅल्युएशन’ असेच म्हणतात. ते करणारा व्हॅल्युअर बहुधा सिव्हिल इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट असून बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिने नेमलेल्यांच्या यादीत असतो. संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला. मात्र त्याच १९५७ च्या कायद्यातील मूल्यांककांच्या नोंदणीचे कलम ३४एबी त्यानंतरही वापरात राहिले.

घर पाहण्याआधी कागद पाहिले जातात: सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा दाखला (इमारत राहण्यास योग्य असल्याचा), घरपट्टीची पावती. मालकी निर्वेध आहे की नाही हे वकिलाच्या सर्च रिपोर्टवरून ठरते. व्हॅल्युअरचे काम कागदावरचे घर आणि समोरचे घर एकच आहे का, हे बघण्याचे. त्यासाठी चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी जुळवतात. खतात ‘पूर्वेस नऊ मीटर रस्ता’ असेल, तर तो रस्ता तिथे दिसला पाहिजे.

मग मोजमाप. महारेरा हे राज्याचे बांधकाम-व्यवसाय नियामक प्राधिकरण आल्यापासून व्यवहार चटई क्षेत्रावर (घरातल्या वापराच्या जागेवर) बोलले जातात, पण जुन्या खतांत बिल्टअप (भिंतींसह), जाहिरातींत सुपर बिल्टअप (जिना-लॉबीच्या वाट्यासह) असे आकडे असतात. म्हणून टेप किंवा लेझर मीटर लावावाच लागतो. बाल्कनी बंद करून काढलेली खोली, गच्चीवरचे पत्र्याचे शेड, नाशिकच्या सिडको वसाहतीतील छोट्या घरांवर चढवलेले मजले यांना मंजुरी नसेल तर ते सहसा हिशेबात धरत नाहीत. घरमालकाला सर्वांत जास्त राग इथेच येतो, कारण पैसा त्यावरच ओतलेला असतो.

बांधकामाची तपासणी हाताने आणि कानाने होते. प्लास्टरवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि पोकळ आवाज आला, तर तो थर भिंतीपासून सुटलेला असतो. वरच्या मजल्याच्या छताचे कोपरे आणि बाथरूममागची भिंत यांवर ओल आधी उमटते. ताज्या रंगाखालूनही पोपडे बोलतात. कॉलम आणि विटकाम यांच्या सांध्यातली उभी बारीक चीर फारशी गंभीर नसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर मात्र पाया बसल्याची खूण असू शकते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया मुरमापर्यंत नेला आहे का, हा प्रश्न नाशिकमध्ये महत्त्वाचा.

जुन्या नाशकातील आणि पंचवटीतील वाड्यांचा हिशेब निराळा. दगडी जोते, सागवानी खांब, लोणा (क्षार) लागलेल्या विटा असे सगळे असले, तरी इमारतीला जवळपास शून्य किंमत येते आणि भाव जमिनीचा लागतो. त्यातही भाडे नियंत्रण कायद्याखालचे जुने भाडेकरू असतील तर तो बराच घसरतो. गोदाकाठी पूररेषा पाहणे भागच असते: निळी नदीजवळची, लाल त्यापलीकडची, मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या-लाल रेषांमध्ये निर्बंध. पुराची पातळी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेवरून नि खांद्यावरून सांगण्याची रीत नाशिककरांत आहेच. सराफ बाजारातले २००८, २०१६ आणि २०१९ चे पाणीही लोक विसरलेले नाहीत.

आकडा काढताना आसपासचे अलीकडचे व्यवहार बघतात आणि रेडी रेकनरशी ताडून पाहतात. रेकनर मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दरांचा तक्ता आहे. गंगापूर रोडच्या एकाच पट्ट्यात दोन सोसायट्यांचे भाव वेगळे असू शकतात, ते त्यात उमटत नाही. स्वतंत्र बंगल्यासाठी जमिनीची किंमत आणि घसारा (वयामुळे झालेली घट) वजा केलेली बांधकामाची किंमत यांची बेरीज करतात. आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) इमारतीचे आयुष्य ६० वर्षे आणि शेवटी उरणारे अवशिष्ट मूल्य १० टक्के धरले, तर २० वर्षे जुन्या बांधकामावर घसारा ३० टक्के होतो. मॉड्युलर किचनची हौस यात फारशी वाढ करत नाही.

अहवालात रास्त बाजारमूल्याखाली घाईच्या विक्रीची किंमतही असते. कर्ज थकले तर बँकेला ती लागते. खरेदीची किंमत आणि मूल्यांकन यांतला कमी आकडा धरून बँक कर्ज ठरवते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घरमूल्याच्या ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या मूल्यात सहसा धरत नाहीत, तो खरेदीदाराच्या खिशातून जातो.